डोंगरउतारावरील वनमृदा

महाड व पोलादपूर तालुक्यांतील डोंगर काळ्या कातळाचे आहेत. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पडणाऱ्या पावसाने कातळ झिजून प्रथम मुरूम व पुढे माती होते. चुना व अन्य क्षार विरघळून वाहून जातात, लोह मागे राहते. म्हणून माती तांबडी दिसते. रानात तिच्यावर पालापाचोळा कुजून काळसर थर साचतो.

थरांची खोली व जागा यांवरून जमिनीचे प्रकार ओळखावेत. काही सपाट माथ्यांवर जांभा, उघड्या उतारावर उथळ मुरमाड वरकस, दाट रानात खोल तांबडी माती व पायथ्याच्या खाचरांत वाहून आलेला गाळ आढळतो.

तीव्र उतारावरील खोल मातीत धोकाही असतो. अतिवृष्टीत पाणी कातळापर्यंत मुरले की वरचा थर जड होऊन निसटतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ८०हून अधिक माणसे दगावली.

झाडांच्या मुळ्या वरची माती धरून ठेवतात. खोलवरची घसरण मात्र त्यांनी थांबतेच असे नाही. राबासाठी रानातील सर्व पाला नेऊ नये. वस्तीच्या वरील तीव्र उतारावर पाणी मुरविणारे चर खणू नयेत. जमिनीस भेगा पडल्यास अथवा झरा एकाएकी गढूळ झाल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तहसीलदारांस कळवून वस्ती तत्काळ हलवावी.