आधी वर बघा, मग जोतं खणा



घरकुलांसाठी तुम्ही पाठवलेल्या देणग्यांतून आपण सिमेंट, सळया आणि गवंड्याच्या मजुरीला मदत करतो. या अंकात मला त्या घरांबद्दल नाही, घरांच्या वरून जाणाऱ्या विजेच्या तारांबद्दल लिहायचं आहे. कारण एक चूक आपल्या हातून झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी एका पाड्यावर आपण स्लॅबसाठी साहित्य दिलं. जागा मी स्वतः पाहिली होती. माती पाहिली, पाणी पाहिलं, वर मात्र पाहिलं नाही. स्लॅबची सळई उभी करताना ती वरच्या तारेच्या जवळ गेली आणि गवंडी फेकला गेला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. तार तिथे अनेक वर्षं होती. तिच्याखाली कारवीच्या कुडाचं ठेंगणं घर होतं, तोवर ती कुणाला नडली नव्हती. घर उंच झालं आणि तार जवळ आली.

त्यानंतर मी नियम समजून घेतले. तुमच्या घरावरून किंवा गावच्या शेतावरून तार जात असेल, तर तुम्हालाही ते उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, अंतर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरात येणाऱ्या साध्या दाबाच्या उघड्या तारेपासून छताच्या सर्वांत उंच भागापर्यंत किमान २.५ मीटर मोकळं हवं आणि बाजूने १.२ मीटर. ११ केव्हीची लाइन असेल तर वरून ३.७ मीटर आणि बाजूने १.२ मीटर. ३३ केव्हीला वरून तेवढंच, बाजूने मात्र २ मीटर. मनोऱ्यांवरच्या लाइनला याहून जास्त. हे अंतर तार सर्वांत खाली असतानाचं धरायचं, कारण उन्हाळ्यात तार तापून झोळ पडतो आणि वाऱ्याने ती हेलकावते.

आता हिशेब करा. रस्त्यापासून दूर, मोकळ्या रानात ११ केव्हीची तार जमिनीपासून ४.६ मीटरवर असली तरी नियमात बसते. जोतं, भिंत आणि स्लॅब मिळून घर साडेतीन मीटर उंच होतं. उरलं जेमतेम एक मीटर. म्हणजे अशा तारेखाली स्लॅबचं घर बसतच नाही. आणि अंतर मोजायला काठी किंवा टेप वर नेऊ नका. ते काम वायरमनचं.

दुसरी गोष्ट, आधी कोण आलं? सगळा खर्च या प्रश्नावर ठरतो. तार आधीपासून असेल आणि तुम्ही नवं घर बांधणार किंवा जुनं वाढवणार असाल, तर वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना आधी लेखी कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तार हलवावी लागली तर कंपनी अंदाजपत्रक देते आणि ते पैसे तुम्हाला भरावे लागतात. उलट घर आधी असेल आणि नवी लाइन येत असेल, तर विद्युत अधिनियम २००३ खालच्या २००६च्या नियमांप्रमाणे कंपनीने मालकाची संमती घ्यायची असते. मालकाने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. म्हणून घरपट्टीची पावती, सातबारा, वनहक्काचा पट्टा आणि घराचा तारखेसह फोटो जपून ठेवा. घर आधीचं आहे हे सांगून चालत नाही, दाखवावं लागतं.

तिसरी गोष्ट मोठ्या मनोऱ्यांची. त्या लाइनसाठी शासन कंपनीला खास अधिकार देऊ शकतं, आणि मग संमती लागत नाही. पण नुकसानीची भरपाई द्यावीच लागते. केंद्राच्या जून २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सुचवली आहे. राज्यांनी त्या स्वीकारायच्या असतात, म्हणून आपल्याकडचा दर तहसील कचेरीत विचारून घ्या आणि पिकाचा व झाडांचा पंचनामा समोर उभं राहून करून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

या पावसाळ्याआधी जव्हार तालुक्यातल्या एका आजींच्या घरकुलाची वेळ आली. या खेपेला मी आधी वर पाहिलं. जुन्या घरावरून ११ केव्हीच्या तीन तारा जात होत्या. आम्ही अर्ज लिहिला, सेक्शन ऑफिसात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. वायरमनने येऊन अंतर मोजलं. खांब हलवण्याचा अंदाजी खर्च घरकुलाच्या अनुदानाच्या निम्म्याहून जास्त निघाला. मग एकच वाट उरली. घर मागे सरकवायचं. पण मागे आजींचं खळं होतं.

“दादा, खळं गेलं तर भात कुठं झोडायचा?” आजींनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजी दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी स्वतःच्या खळ्यात जागा देऊ केली. ग्रामसेवकांकडून जागा बदलून घेतली, नवा फोटो चढवला आणि जोतं तारांपासून दूर खणलं. स्लॅब पडला त्या दिवशी पाड्यावरची पोरं वर चढून नाचत होती आणि मला धास्ती वाटली नाही.

आता आपण नियम केला आहे. तारेचं अंतर मोजल्याचा कागद हाती आल्याशिवाय सिमेंटची एकही गोणी उतरवायची नाही.

तुमच्यापैकी कुणी वीज खात्यातून निवृत्त झालं असेल, तर महिन्यातला एक दिवस आम्हाला द्या. पुढच्या घरांच्या जागा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. आणि तुमच्या दारात तार तुटून पडली किंवा हाताला लागेल इतकी खाली आली, तर जवळ न जाता, इतरांनाही दूर ठेवून १९१२ला फोन करा. ज्या गवंडीदादांची बोटं गेली, त्यांची आठवण तुमच्या प्रार्थनेत असू द्या. ते आता आपल्याबरोबर जागा पाहायला येतात आणि सर्वांत आधी वर बघतात.