चेझिलच्या किनाऱ्यावरील परीक्षा

गळ टाकून बसलेल्या मनुष्याकडे पाहून आमच्या पिढींतील शिकल्यासवरल्या घरांत एकच उद्गार निघे, व तो म्हणजे "याला दुसरा उद्योग नाहीं!" आमचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांत समुद्राच्या कांठीं गेला. कोळ्यांचीं मुलें आमच्या वर्गांत बसत. गळाला तिकडे 'गरी' म्हणतात आणि गरीनें मासे धरण्याला 'गरवणें' म्हणतात, एवढें आम्हांस ठाऊक होतें. परंतु याच गोष्टीच्या स्पर्धा होतात, त्यांना पंच, नियम आणि गुणपत्रिका असतात, हें कळावयास आम्हांला निवृत्तीनंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत जावें लागलें. तेथें गेल्या हिवाळ्यांत पाहिलेल्या अशा एका स्पर्धेची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. त्या रात्रीं स्पर्धा माशांची असली, तरी परीक्षा आमची झाली, म्हणून ती सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त डॉर्सेट परगण्यांत वेमथ या बंदराच्या गांवीं राहतात. आम्ही उभयतां त्यांच्याकडे सहा महिन्यांकरितां गेलों होतों. नातू पंधरा वर्षांचा. त्याला शाळूसोबत्यांमुळें गळाचा नाद लागलेला. ज्या घरांत मासळी कधीं शिजली नाहीं, त्या घराच्या कोपऱ्यांत गळाच्या लांबलचक काठ्या उभ्या पाहून आमच्या कुटुंबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. नातू म्हणाला, "आजी, आम्ही ते खात नाहीं. धरतों, मोजतों आणि पुन्हां पाण्यांत सोडतों."

"मग धरतां कशाला?" तिनें विचारलें.

या प्रश्नाला नातवापाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्यापाशींहि नव्हतें. पुढें जानेवारींतील एका शनिवारीं स्पर्धा ठरली. त्या दिवशीं चिरंजीवांना कामावर जाणें भाग होतें, आणि मुलाबरोबर घरचें वडील माणूस असावें असा नियम होता. तेव्हां दिवट्याचें काम पतकरून आम्ही नातवाबरोबर निघालों.

चेझिलचा किनारा आपल्या कोकणांतील पुळणीसारखा वाळूचा नव्हे. वेस्ट बेपासून पोर्टलंडपर्यंत सुमारें २९ किलोमीटर लांबीचा तो गोट्यांचा एक प्रचंड बांधच आहे. त्याच्या बऱ्याच भागाच्या पाठीशीं फ्लीट नांवाचें खाऱ्या पाण्याचें लांबट सरोवर असून पुढें उघडा समुद्र आहे. 'चेझिल' हें नांवच मुळीं खडीगोटे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलेलें आहे. नवल असें कीं, पश्चिमेच्या टोंकाला हे गोटे वाटाण्याएवढे असतात आणि पूर्वेकडे जावें तसतसे वाढत जाऊन पोर्टलंडपाशीं मुठीएवढे होतात. ही वर्गवारी लाटांनींच करून ठेविली आहे. काळोखांत नाव किनाऱ्याला लागली असतां जुने कोळी व चोरटा माल आणणारे लोक नुसता गोटा हातांत घेऊन आपण कोठें उतरलों हें ओळखीत, असें तेथें परंपरेनें सांगतात.

हे गोटे बहुतांशीं गारगोटीच्या जातीचे आहेत. हिमयुग ओसरून समुद्र चढत आला, तेव्हां त्यानें पुढें लोटीत आणलेला हा सांठा होय. आतां त्यांत नवी भर जवळजवळ पडत नाहीं, म्हणून एकहि गोटा उचलून नेण्याची मनाई आहे. नोव्हेंबर १८२४ च्या वादळांत समुद्रानें हा बांध ओलांडला. पोर्टलंडकडील चिझवेल या वस्तींतलीं घरें गेलीं आणि फ्लीट गांवच्या जुन्या चर्चचा बराचसा भाग उद्ध्वस्त झाला. किनाऱ्याचा उतार फार उभा असल्यामुळें कांठापासून थोड्याच अंतरावर पाणी खोल होतें. मासे जवळ येतात ते त्यामुळें, आणि परतणारी लाट मनुष्याच्या पायाखालचे गोटे ओढून नेते तीहि त्यामुळेंच. म्हणून नातवाला आम्हीं पहिली ताकीद दिली ती लाटेजवळ न जाण्याची. त्यानें ती हंसून ऐकून घेतली. कारण तीच ताकीद त्यानें आम्हांला घरून निघतांना दिली होती!

तीनच्या सुमारास चाळीसएक माणसें जमलीं. त्यांत निवृत्त लोक होते, गवंडी होते, एक दंतवैद्य होता, दोन बायका होत्या आणि सहा-सात मुलें होतीं. प्रत्येकानें पिशवींत हात घालून एकेक चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर आंकडा, आणि किनाऱ्यावर तितकाच आंकडा लाविलेली खुंटी. त्या खुंटीपाशींच उभें राहावयाचें. रांगेच्या टोंकाची खुंटी मिळाली तर मनुष्य खूष होतो, कारण त्याला एकाच बाजूला शेजारी असतो. काठी बारा ते पंधरा फूट लांब. दोरीच्या शेवटीं सुमारें दीडशें ग्रॅम वजनाचें शिसें, आणि त्याला तारेच्या नख्या, कीं ज्या समुद्राच्या तळांत रुतून दोरी वाहूं देत नाहींत. आमिष म्हणून वाळूंतून खणून काढलेले समुद्री किडे आणि आपल्याकडे ज्याला माकूळ म्हणतात त्याचे तुकडे. गळ तीनपेक्षां जास्त नाहींत. चार वाजतां शिट्टी झाली आणि चाळीस काठ्या एकदम हवेंत फिरल्या. साडेचारला सूर्य मावळला. मग प्रत्येकाच्या कपाळावरचा दिवा तेवढा दिसत राहिला.

एके काळीं या हिवाळी स्पर्धांचा राजा कॉड मासा होता. थंडी पडली म्हणजे तो किनाऱ्याजवळ येई. बेसुमार मासेमारी आणि तापत चाललेला समुद्र यांमुळें इंग्लंडच्या दक्षिणेस तो आतां विरळा झाला आहे. उरले ते व्हायटिंग, पाऊटिंग, आपल्या लेपासारखा चपटा डॅब, आणि मुशीच्या जातीचा डॉगफिश. मासळी कमी झाली तसा खेळाचा कायदाहि बदलला. पूर्वी मासे मारून, शेवटीं तराजूंत घालून बक्षीस देत. आतां पुष्कळ ठिकाणीं मासा लागतांच त्याची लांबी मोजून त्याला जिवंत सोडतात. त्या रात्रीं प्रत्येक पूर्ण सेंटीमीटरास एक गुण होता, वरचा अपूर्णांक सोडून द्यावयाचा होता, आणि १८ सेंटीमीटरांहून लहान मासा धरावयाचाच नव्हता.

परंतु आम्हां शिक्षकाला ज्या नियमानें चकित केलें, तो नियम निराळाच होता. मासा लागला म्हणजे तो स्वतः मोजून लिहावयाचा नाहीं. शेजारच्या खुंटीवरच्या प्रतिस्पर्ध्याला हांक मारावयाची. त्यानें येऊन मोजावयाचें, आपल्या पत्रिकेवर आंकडा लिहून सही करावयाची. त्याला लागला कीं आपण जावयाचें. मैलभर काळोख, पंच दोन, आणि प्रत्येकाचा परीक्षक त्याचा प्रतिस्पर्धी! आम्हीं चौतीस वर्षें परीक्षागृहांत फेऱ्या घातल्या; दोन बांकांमध्यें चार हात अंतर ठेविलें; खिसे तपासले. अशी व्यवस्था आमच्या स्वप्नांतहि आली नसती.

नातवाच्या शेजारीं सत्तरीचा एक म्हातारा होता. पूर्वी तो सुतारकाम करीत असे. नातवाला पहिला मासा लागला, व्हायटिंग. म्हातारा गुडघे धरीत गोट्यांवरून आला, मासा फळीवर ठेविला आणि म्हणाला, "सत्तावीस." दुसरा चोवीस. तिसऱ्या वेळीं काठी चांगलीच वांकली; डॉगफिश निघाला. तो मनगटाला विळखा घालतो व त्याची कातडी कानशीसारखी खरखरीत असते, म्हणून त्याचें डोकें व शेपूट एकत्र कसें धरावें हें म्हाताऱ्यानें नातवाला दाखविलें, आणि पत्रिकेवर ५८ हा आंकडा लिहिला. स्वतः म्हाताऱ्याला तोंवर कांहींच मिळालें नव्हतें. आम्हीं त्याला आमच्या कुटुंबाचा प्रश्न विचारला. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "पूर्वी बायकोसाठीं कॉड नेत असें. आतां ती नाहीं आणि कॉडहि नाहीं. संवय राहिली."

साडेआठ वाजून गेले असतील. थंडीनें आमचीं बोटें बधिर झालीं होतीं. नातवाला एक डॅब लागला. म्हातारा पलीकडे स्वतःच्या दोरीचा गुंता सोडवीत होता. नियमाप्रमाणें त्याची वाट पाहावयाची; पण लहान असेल तर आधींच सोडावा म्हणून नातवानें मासा फळीवर ठेविला आणि आम्हीं दिवा खालीं धरला. शेपटीचें टोंक सतरा आणि अठरा यांच्यामध्यें होतें. अठराला अगदीं टेकल्यासारखें.

आम्हीं म्हणालों, "अठराच आहेत रे. शेपूट वाळलें आहे, जरा सरळ कर." आणि बोलतां बोलतां आमचें स्वतःचें बोट त्या शेपटीवर गेलें, व तें आम्हीं किंचित् दाबून पुढें सरकविलें.

नातू आमच्याकडे न पाहतां हळूच म्हणाला, "आजोबा, बोट काढा."

आम्हीं बोट काढलें. शेपूट मागें आलें. तो म्हणाला, "सतरा." लाट ओसरण्याची वेळ साधून त्यानें मासा पाण्यांत सोडला. म्हाताऱ्यानें दुरून विचारलें, "कांहीं लागलें का?" यानें उत्तर दिलें, "लहान होता." एवढेंच. आमचें नांव त्यानें घेतलें नाहीं.

नऊ वाजतां शिट्टी झाली. मुलांमध्यें नातवाचे गुण १०९ झाले. दुसरी आलेल्या मुलीचे १२०. आमच्या बोटाचें चाललें असतें तर त्याचे १२७ झाले असते. तिसऱ्या क्रमांकाला बक्षीस नव्हतें. तो आनंदानें सर्वांशीं हस्तांदोलन करून आला आणि मोटारींत बसतांच झोंपी गेला. आम्हांला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

वाचकहो, झोंप न येण्याचें कारण तो एक सेंटीमीटर नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गांत एका खलाशाचा मुलगा होता. शाकुन्तलाच्या सहाव्या अंकांतील प्रसंग आम्हीं वर्गाला गोष्टीरूपानें सांगितला होता. माशाच्या पोटांत सांपडलेली राजाची अंगठी विकावयास आणणारा कोळी खरें तेंच सांगत असतो, तरी शिपाई त्याला बांधून मारीत आणतात. तेव्हां या मुलानें उभें राहून विचारलें होतें, "गुरुजी, तो खरें बोलत होता, मग त्याला मार कां?" प्रश्न चांगला आहे म्हणून आम्हीं त्याची पाठ थोपटली. त्याच वर्षीं नववीच्या वार्षिक परीक्षेंत संस्कृतांत त्याला ३४ गुण पडले. उत्तीर्ण व्हावयास ३५ हवे होते. "नियम तो नियम" असें म्हणून आम्हीं त्याला नापास केला. त्यानें शाळा सोडली व तो बापाच्या होडीवर गेला.

एवढीच गोष्ट असती तर आम्ही निश्चिंत असतों. पण त्याच गठ्ठ्यांत ३४ गुणांची आणखी एक उत्तरपत्रिका होती. ती आमच्या परिचयाच्या, चांगल्या घरच्या मुलाची होती. 'पोराचें वर्ष फुकट जाईल' असा विचार करून आम्हीं ती पुन्हां उघडली, आणि एका उत्तरांत अर्धा व दुसऱ्यांत अर्धा असा एक गुण शोधून काढला. तें करतांना हात कांपला नाहीं. अन्याय केला असें त्या वेळीं वाटलेंहि नाहीं. दया केली असेंच वाटलें. त्या रात्रीं शेपटीवर जें बोट गेलें, तें तेंच बोट होतें.

नियम कठोर असावा कीं सैल, यावर पुष्कळ वाद करतां येईल. दोन्ही मुलांना ३४ ठेविले असते किंवा दोघांनाहि ३५ दिले असते, तरी आम्हांला उत्तर देतां आलें असतें. एकच फळी एकाला सतरा आणि दुसऱ्याला अठरा दाखवूं लागली, म्हणजे मात्र उत्तर उरत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत तर ही फळी रोज हातीं येते. मुलगा आणि पुतण्या, लेक आणि सून, घरचा आणि कामावरचा, यांचें माप घेतांना आपलें बोट कोठें आहे, हें एकदां दिवा खालीं धरून पाहावें.

आमच्या कुटुंबाचें समाधान अद्याप झालेलें नाहीं. जो मासा खावयाचा नाहीं त्याच्या तोंडांत गळ कां रुतवावा, हा तिचा प्रश्न आम्हांस खरा वाटतो, आणि नातवानेंहि त्याला अजून उत्तर दिलेलें नाहीं.

तो खलाशाचा मुलगा आतां दोन होड्यांचा मालक आहे. धक्क्यावर भेटला कीं "गुरुजी" म्हणून वांकतो. आतां त्याला एक गुण देऊन उपयोग नाहीं. परंतु ती दुसरी उत्तरपत्रिका कोणाची होती व आम्हीं तिचें काय केलें, हें त्याला ठाऊक नाहीं. चैत्रांत गांवीं परतल्यावर तें त्याला सांगावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे.