पर्वतीच्या पायथ्याचा गेंडा

१७९० चा नोव्हेंबर महिना. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन फौजेसह धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. आत टिपूची शिबंदी, मदतीला इंग्रजांची लहानशी पलटण, आणि किल्ला काही हाती येत नव्हता. त्याच महिन्यात इकडे पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या शिकारखान्यात, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट नावाचा एक कारागीर गेंड्याचे चित्र काढत होता. धारवाड पुढच्या एप्रिलात पडले. त्या वेढ्याची आठवण आज इतिहासाच्या अभ्यासकांपुरती उरली आहे. गंगारामचा गेंडा मात्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

गेंडा हा काही सह्याद्रीतला प्राणी नव्हे. पण सवाई माधवराव पेशव्यांना जनावरांचे फार वेड. वय तेव्हा अवघे सोळा. त्यांच्या शिकारखान्यात सिंह होते, वाघ होते, आणि हा गेंडाही होता. पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याला इथल्या गोष्टींची चित्रे हवी असत आणि त्यासाठी त्याने गंगारामला हाताशी धरले. गंगारामने त्याच्यासाठी वेरूळची लेणी काढली, तालमीत कसरत करणारे पैलवान काढले. पैलवानांची ही चित्रे शरीरशास्त्राच्या शिक्षकाने वर्गात दाखवावीत अशी आहेत. पण खरी परीक्षा गेंड्याची होती.

त्यासाठी आधी युरोपातला एक गेंडा पाहायला हवा. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला एक गेंडा गोव्यामार्गे जहाजाने लिस्बनला पोहोचला. ड्यूरर हा जर्मन चित्रकार तेव्हाचा सर्वश्रेष्ठ, पण तो लिस्बनला गेला नाही. कुणीतरी पाठवलेले पत्र आणि एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठसा कोरला. चित्र अप्रतिम झाले आणि चुकीचेही झाले. गेंड्याच्या अंगावर लोखंडी चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, आणि खांद्यावर एक जादा छोटे शिंग! जवळजवळ अडीचशे वर्षे युरोपातल्या पुस्तकांतून हेच चित्र उतरवले गेले. अनेकांनी खरा गेंडा समोर नसताना काढले हे समजू शकते, पण ज्यांना वर्णने आणि माहिती उपलब्ध होती त्यांनीही ते चिलखत सोडले नाही. एकदा डोक्यात बसलेले चित्र डोळ्यांना नीट पाहू देत नाही.

गेंड्याची कातडी नुसती जाड नसते. मानेशी, खांद्यामागे आणि मांडीच्या पुढे तिच्या मोठ्या घड्या पडतात. घड्यांमधली कातडी पातळ आणि मऊ असते, म्हणून एवढ्या जाड आवरणातही जनावराला वळता आणि पळता येते. खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर गाठीसारखे उंचवटे असतात. ज्याने गेंडा पाहिलेला नाही त्याला या घड्या म्हणजे पत्र्यांचे सांधे वाटतात आणि उंचवटे म्हणजे रिबिटे. गंगारामच्या चित्रात पत्रे नाहीत. तिथे कातडी आहे, आणि ती लोंबते. खांद्यावरचे ते जादा शिंगही नाही. ठोक्याठोक्याने पत्र्याला फुगवटा देणाऱ्या, मठारकाम करणाऱ्या जातीत हा माणूस जन्मला. पत्रा कसा दिसतो आणि कातडी कशी दिसते यातला फरक त्याला कुणी शिकवायची गरज नसावी.

शिंगाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्यापायी हा प्राणी जवळजवळ संपला होता. गेंड्याचे शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांत आणि केसांत असते तेच. त्याने ताप उतरत नाही, कर्करोग बरा होत नाही, पुरुषत्वही वाढत नाही. नखे कातरून त्याची पूड खाल्ली तर जो गुण येईल तोच याचा. चीनने १९९३ साली या शिंगाच्या व्यापारावर आणि औषधातल्या वापरावर बंदी घातली, तरी चोरटी शिकार पूर्ण थांबलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकशिंगी गेंडे दोनशेच्याही खाली आले होते. संरक्षण मिळाल्यावर ते सावरले आणि २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना गेंड्याचे आणखी एक चित्र माहीत असते, निदान पूर्वी तरी असे. हॉलंडमधल्या लायडनचा शरीरशास्त्रज्ञ अल्बिनस याने १७४७ साली मानवी सांगाडा आणि स्नायूंचा मोठा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. चित्रे यान वांडेलार या चित्रकाराची. त्यातल्या दोन पानांवर स्नायू उघडे पडलेल्या माणसामागे एक गेंडी शांतपणे चरत उभी आहे! ही क्लारा. बंगालमधून १७४१ साली ती हॉलंडला नेली गेली आणि पुढे सतरा वर्षे युरोपभर गावोगाव दाखवली गेली. वांडेलारने तिला प्रत्यक्ष पाहून काढले होते. माणसाचा स्नायू आणि गेंड्याची घडी एकाच शिस्तीने पाहणारा हा चित्रकार. गंगारामने त्याचे पुस्तक पाहिले असण्याचे कारण नाही, पण दोघांची जात एकच म्हणायची.

बहुतेक ठिकाणी गंगारामचा उल्लेख जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा मदतनीस किंवा शिष्य असा येतो. हे अर्धेच खरे आहे. वेल्स १७९१ साली मुंबईत उतरला आणि पुण्याला आला तो १७९२ साली. गेंडा त्याआधीचा. वेल्स आल्यावर शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली, तिला वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणवीस यांचा पाठिंबा होता, आणि तिथे गंगाराम वेल्सच्या हाताखाली बरेच शिकला हेही खरेच. मात्र पाहण्याची कला तो सोबत घेऊनच आला होता. या चित्रशाळेची आणि गंगारामची आठवण जागी ठेवण्यात साताऱ्याचा वाटा मोठा आहे. रावबहादूर दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी जुन्या पुण्यावरच्या १९२१ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांची हकीकत दिली. साताऱ्यात त्यांनी जमवलेला कागदपत्रांचा आणि चित्रांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

पाहून काढलेल्या चित्राची किंमत काय असते याचा दाखला याच पुण्यात, याच मंडळींच्या वर्तुळात मिळतो. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेत होता. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि वेल्सने बऱ्या झालेल्या कावसजीचे चित्र काढले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. कपाळावर कातडी कुठे आखायची, कुठे कापायची, देठ कुठे ठेवायचा, सगळे त्या चित्रात. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. आजची प्लास्टिक सर्जरी ज्या पायऱ्यांनी वर आली त्यातली ही एक. हात ज्याचा होता त्या कारागिराचे नाव मासिकात आले नाही, ही त्या हकीकतीतली बोच.

वैद्यकीय महाविद्यालयांत हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये विद्यार्थी गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी पेशी काढतात. सूक्ष्मदर्शकात डोळा लावायचा, मग कागदावर उतरवायचे. आता बरेच जण मोबाइल भिंगाला टेकवून फोटो घेतात आणि चित्र सीनियरच्या जर्नलवरून उतरवतात. म्हणजे ड्यूररचाच गेंडा. यकृताच्या पेशी प्रत्येक जर्नलमध्ये नीट षटकोनात बसलेल्या असतात, प्रत्यक्ष काचेवर क्वचितच. मग पुढे वॉर्डात रुग्णाच्या डोळ्यांतली फिकट कावीळ पाहायची राहून जाते, आणि ती रिपोर्टात सापडते.

यावर उपाय शोधला गेला तो नेमका त्या संग्रहालयात, जिथे गंगारामचा गेंडा आहे. येलचे त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन यांनी पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ब्रिटिश कला संग्रहालयात नेले. एकेका चित्रासमोर उभे करून सांगितले, अर्थ लावू नका, आधी दिसते ते सगळे बोला. मग रुग्णांची छायाचित्रे दाखवून त्यांची पाहण्याची कुवत तपासली. चित्रे पाहिलेल्या विद्यार्थ्यांची निरीक्षणे इतरांपेक्षा सरस निघाली. हा अभ्यास २००१ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

गेंडा पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. येलच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर गंगारामचे नाव टाकले की चित्र समोर येते, आणि मोबाइलवर हवे तेवढे मोठे करता येते. मुलांसोबत पाहावे. आधी मानेची घडी, मग खांदा, मग पाय. पायाला बोटे तीन असतात, तीही मोजावीत.