झडपेची मोकळीक : एका यांत्रिक क्रियेचा अर्थविचार

जळगावलगतचे असोदा हे गाव मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे ते बहिणाबाई चौधरी यांचे जन्मग्राम म्हणून. १८८० साली तेथे जन्मलेल्या या कवयित्रीच्या रचना त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि शेतीच्या अवजारांची व क्रियांची खानदेशी शब्दसृष्टी नागर वाचकांसमोर आली. येहेर, मोट, नाडा हे शब्द त्या सृष्टीतले. पुढे विहिरीवरील मोट मागे पडली व तिची जागा तेल-एंजिनाने घेतली. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली, ती या स्थित्यंतराच्या आरंभकाळातील घटना होय. आता बहुतेक विहिरींवर विजेचे पंप आहेत. तथापि तेल-एंजिनाबरोबर खेड्यात आलेली भाषा विचार करण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखात त्या भाषेतील एकच क्रिया घेतली आहे : झडपेची मोकळीक जुळविणे, किंवा कारागिरांच्या बोलीत, ‘टॅपेट सेट करणे’.

या क्रियेचे सर्वांत सूक्ष्म रूप विहिरीवर नव्हे, तर विमानांच्या छोट्या प्रतिकृतींना बसविण्यात येणाऱ्या चार-धावी एंजिनात पाहावयास मिळते. प्रतिकृतींची बहुतेक एंजिने पूर्वी दोन-धावी, म्हणजे अशा झडपा नसलेली, असत. जपानमधील ओ. एस. या कारखान्याने १९७६ साली एफ. एस.-६० हे चार-धावी एंजिन बाजारात आणले व तेव्हापासून या प्रकाराचा प्रसार झाला. तळहातावर मावणारे हे यंत्र आणि विहिरीवरचे अवजड एंजिन यांचे तत्त्व एकच आहे.

‘चार-धावी’ ही संज्ञा प्रथम पाहू. मोटेचे बैल ज्या उतरणीवरून खाली जात व मागे येत, तिला ‘धाव’ म्हणत. सिलिंडरातील दट्ट्याचीही अशीच ये-जा चालते. पहिल्या धावेत इंधनमिश्रित हवा आत येते, दुसरीत ती दाबली जाते, तिसरीत जळून दट्ट्याला ढकलते आणि चौथीत जळका वायू बाहेर जातो. बैल उतरताना पाणी वर येई व परतीची धाव रिकामी जाई. येथे चारांपैकी एकच धाव काम देते. संज्ञा घडविणाऱ्याच्या मनात मोट असो वा नसो, खानदेशातील विद्यार्थ्याला हा शब्द परका वाटू नये.

या चार धावांत एंजिनाचा मुख्य दंड दोन फेरे घेतो, तर झडपा उघडणारा कॅमदंड एकच फेरा घेतो. मिनिटास १०,००० फेरे घेणाऱ्या एंजिनातील प्रत्येक झडप मिनिटाला ५,००० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ वेळा उघडते. कॅमचा उंचवटा ढकलदांड्याला वर लोटतो, दांडा रॉकर या तरफेचे एक टोक उचलतो व तिचे दुसरे टोक झडपेचा देठ खाली दाबते. उंचवटा सरकला की स्प्रिंग झडपेला पुन्हा बैठकीवर आणते. झडप मिटलेली असताना रॉकर व देठ यांच्यामध्ये जी किंचित फट राहावयास हवी, तिलाच मोकळीक म्हणावयाचे. ओ. एस.च्या पुस्तिकांत ती ०·०४ ते ०·१० मिलिमीटर सांगितली आहे.

ही फट जास्त झाली तर झडप उशिरा उघडते, लवकर मिटते व पुरती उघडत नाही. एंजिनाची शक्ती घटते आणि खटखट ऐकू येते. फट मुळीच उरली नाही तर मात्र झडप बैठकीवर पूर्ण टेकत नाही. दाब निसटतो, तप्त वायू कडेने झिरपतो व झडपेची कड जळू लागते. निष्कासन-झडपेला हा धोका अधिक, कारण तिची उष्णता मुख्यतः बैठकीवाटेच बाहेर पडते. नवशिक्याची फसगत येथेच होते. सैल झडप वाजते, घट्ट झडप मुकी असते. आवाज हे दोषाचे चिन्ह व शांतता हे आरोग्याचे, असे मानून तो खटखट थांबेपर्यंत स्क्रू आवळतो आणि थोड्या दोषाच्या जागी मोठा दोष ओढवून घेतो. भर वैशाखात केळीच्या बागेला पाणी चालू असता एंजिन अशा रीतीने दाब गमावून बसले, तर त्याची किंमत झडपेपुरती राहत नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. पुस्तिकेतील आकडा थंड एंजिनाचा असतो. अॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षांशी सुमारे २३ भाग प्रसरण पावते, पोलाद सुमारे १२. समजा, अॅल्युमिनियमचा सांगाडा व पोलादी ढकलदांडा प्रत्येकी ४० मिलिमीटर लांब आहेत व तापमान १०० अंशांनी वाढले. तर सांगाडा ०·०९२ मिलिमीटरने वाढेल, दांडा ०·०४८ ने. फरक ०·०४४ मिलिमीटरचा, म्हणजे मोकळिकीच्या न्यूनतम मापाएवढाच. झडपेचा तापलेला देठ स्वतः लांबून ही वाढ काही अंशी भरून काढतो. बिडाच्या सिलिंडराच्या एंजिनात सांगाडा कमी प्रसरण पावत असल्याने देठाची वाढ वरचढ ठरू शकते व फट उलट कमी होते. म्हणून एका एंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही, आणि ‘थंड’ हे विशेषण मापाचाच भाग ठरते. ते गळाले की आकडा निरर्थक होतो.

प्रत्यक्ष कृती अशी. एंजिन पूर्ण निवू द्यावे. इंधन व ज्वलन-प्लगची बॅटरी तोडावी. प्लग काढावा, म्हणजे पंखा हाताने सहज फिरतो. रॉकरवरील झाकण काढून पंखा नेहमीच्या दिशेने फिरवावा. आदान-झडप उघडून मिटली की त्यानंतर दट्ट्या ज्या शिरोबिंदूला येतो, तोच दाबधावेच्या अखेरचा. तेथे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. एक फेरा पुढे येणाऱ्या दुसऱ्या शिरोबिंदूवर दोन्ही किंचित उघड्या असू शकतात, म्हणून तेथे माप घेऊ नये. फीलर गेजचे ०·०४ चे पान फटीत सरकावे व ०·१० चे सरकू नये. तसे नसल्यास चेकनट सैल करून स्क्रू अल्पसा फिरवावा, मग स्क्रू धरून नट आवळावा. आवळताना स्क्रू हलतो, म्हणून माप पुन्हा घ्यावे. दोन्ही झडपा झाल्यावर पंख्याचे दोन पूर्ण फेरे देऊन सर्व तपासणी परत करावी.

आता शब्दाकडे वळू. टॅपेट हा वस्तुतः कॅमला टेकणारा भाग. स्क्रू फिरविला जातो तो रॉकरवर. तरीही क्रियेला नाव टॅपेटचे मिळाले, ही लक्षणाच होय. कारागिराला त्याने अडत नाही; अर्थ त्याच्या बोटांत असतो. केवळ शब्दावरून शिकणाऱ्याची मात्र दिशाभूल होते. ‘अंतर’ हा शब्द अचूक, पण उदासीन आहे. ‘सैलपणा’ दोष सुचवितो आणि म्हणून आवळण्यास उद्युक्त करतो. ‘फट’ जागा दाखविते, प्रयोजन दाखवीत नाही. ‘मोकळीक’ या शब्दात मात्र ती जागा हेतुतः ठेवलेली आहे, ती नाहीशी करावयाची नाही, हा अर्थ अंतर्भूत आहे.

परिभाषा घडविताना शुद्धता व सुबोधता यांची चर्चा पुष्कळ होते. या उदाहरणावरून तिसरी कसोटीही आवश्यक दिसते : तो शब्द ऐकून शिकणाऱ्याचा हात कोणत्या बाजूला वळेल? ‘सैल’ म्हटल्याने स्क्रू आवळला जात असेल आणि ‘मोकळीक’ म्हटल्याने हात थांबून माप घेत असेल, तर शब्दाची निवड ही झडपेच्या आयुष्याचीही निवड ठरते.