वरसईचे विष्णुभट

आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे दिघी दिसते. जवळच राजपुरी आणि पाण्यातला जंजिरा किल्ला. पूर्वी हा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा होता. नवाबांची नावे पुस्तकांत आहेत. पण दीडशे वर्षांपूर्वी या खाडीत जाळे टाकणारा माणूस कोण होता? त्याच्या डोक्यावर कर्ज किती होते? तो कशाने मेला? हे आज कोणी सांगू शकत नाही. तो जगला आणि गेला. मागे कागदाचा चिटोराही राहिला नाही.

पण याच रायगड जिल्ह्यातल्या एका साध्या माणसाची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. ती आम्ही येथे सांगतो.

पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. तेथे विष्णुभट गोडसे राहत. त्यांचा जन्म १८२७ सालचा. धंदा भिक्षुकीचा. म्हणजे लोकांच्या घरी पूजा सांगायची आणि मिळेल त्या दक्षिणेवर घर चालवायचे. घरात गरिबी, वर कर्ज. तेवढ्यात बातमी आली की उत्तरेत मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत. दक्षिणा चांगली मिळेल, कर्ज फिटेल, असे विष्णुभटांना वाटले. १८५७ साली काकांना सोबत घेऊन ते निघाले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या घरात होते.

दैव पाहा कसे! त्याच साली उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांविरुद्ध शिपाई उठले. गेले होते दक्षिणेसाठी, आणि सापडले लढाईत!

फिरत फिरत दोघे झाशीला पोचले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. शहर पडले. गोरे शिपाई घराघरांत शिरले. माणसे मारली गेली. सोने, भांडी, कापड, धान्य, सारे लुटले गेले. पोथ्यांचा मोठा संग्रह जळून गेला. विष्णुभट लपून राहिले, म्हणून वाचले. जमवलेली दक्षिणा मात्र गेली.

पुढे काळपीकडे एका विहिरीवर त्यांना झाशीची राणी दिसली. ती लढाईतून आली होती. अंगावर धूळ, घशाला कोरड. विष्णुभट पाणी काढून देऊ लागले. राणीने त्यांना थांबवले आणि स्वतःच पाणी काढून ती प्याली. मोठ्या माणसाचे हे साधे रूप एका साध्या माणसाने पाहिले.

काही वर्षांनी विष्णुभट घरी परतले. हातात पैसा नव्हता. होती फक्त गंगेच्या पाण्याची कावड. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना आंघोळ घातली. मग पुन्हा तीच भिक्षुकी, तोच संसार.

येथेच सारे संपले असते. पण सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामणराव वैद्य नावाच्या विद्वान गृहस्थांनी त्यांना आग्रह केला, "पाहिलेत ते लिहून काढा." विष्णुभटांनी मोडीत सारे लिहिले. मोडी म्हणजे जुन्या दप्तरांत असते ती जलद लिहिण्याची लिपी. राज्य इंग्रजांचे होते. असे लिखाण छापणे धोक्याचे होते. म्हणून ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९०७ साली वैद्यांनी 'माझा प्रवास' या नावाने ते छापले, तेव्हा विष्णुभट या जगात नव्हते. आपले नाव छापलेले त्यांनी पाहिलेच नाही.

वैद्यांनी छापताना मजकुरात फेरफार केले होते. पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी विष्णुभटांनी लिहिले होते तसे मूळ लिखाण प्रसिद्ध केले. आज १८५७ चा इतिहास लिहिणारे मोठमोठे पंडित हे पुस्तक उघडून पाहतात.

झाशीत त्या वेळी हजारो माणसे होती. विणकर होते, भिस्ती होते, लेकुरवाळ्या बाया होत्या. त्यांनीही सारे पाहिले, सोसले. विष्णुभट त्यांच्याहून शूर नव्हते, श्रीमंतही नव्हते. त्यांना लिहिता येत होते, आणि त्यांनी लिहिले. फरक एवढाच.

आता आपल्यालाही अक्षर आले आहे. घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांच्याजवळ बसावे. कोणत्या साली काय झाले, दुष्काळ कसा काढला, वादळात कोणाची होडी गेली, हे विचारावे आणि वहीत लिहावे. नाव लिहावे, गाव लिहावे, साल लिहावे. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. माणूस जातो, पण लिहिलेले मागे राहते.