जागा तेवढीच, गाड्या रुंदावल्या

ऐंशीच्या दशकात बांधलेल्या पुण्या-मुंबईच्या सोसायट्या आठवून पाहा. बिऱ्हाडं भरपूर, आणि गाड्यांसाठी जिन्याशेजारची मोजकी जागा. तेव्हा ती पुरायची, कारण गाडी डॉक्टरांची असे किंवा एखाद्या मोठ्या साहेबांची. पद्मिनी नाहीतर अँबॅसॅडर. दोन्हींना पुढेमागे चकचकीत पोलादी बंपर. मागे घेताना कठड्याला लागली तर कठड्याचा गिलावा पडे. गाडीवर हात फिरवून मालक वर जात.

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली आणि गाडी हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जेमतेम 1.4 मीटर रुंदीची ही गाडी कुठल्याही कोपऱ्यात मावत असे. म्हणूनच सोसायट्यांनी जागेचा विचार पुढे ढकलला. नव्वदीत एकेका इमारतीत गाड्या वाढल्या, वॉचमनला नवं काम लागलं, ‘येऊ द्या, येऊ द्या, बस!’ म्हणत गाडीच्या पाठीवर थाप मारायची. डाव्या बाजूचा आरसा पुष्कळ गाड्यांना नसेच. रिव्हर्स टाकला की गाणं वाजवणारे हॉर्न त्याच काळातले. दुपारच्या झोपेचं त्यांनी खोबरं केलं हे खरं, पण गाडी मागे येते आहे हे अंगणात खेळणाऱ्या पोरांना त्या गाण्यामुळे कळायचं. आजच्या काचबंद गाड्यांमध्ये बीप वाजतो तो आत, चालवणाऱ्यासाठी. बाहेरच्या पोराला काही ऐकू येत नाही.

त्याच्या थोडं आधी न्यायालयात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. विमा कंपन्यांचा युक्तिवाद असे की अपघात खासगी आवारात झाला, रस्त्यावर नाही, म्हणून भरपाईची जबाबदारी आमची नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो मोडून काढला. जागा खासगी मालकीची असली, प्रवेशावर नियंत्रण असलं, तरी लोकांची तिथे ये-जा असेल तर विम्याच्या दृष्टीने ती सार्वजनिक जागाच, असा तो निकाल. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘आपल्या आवारातलं आहे, पोलिसांचा काय संबंध?’ असं आजही सोसायटीच्या फाटकात ऐकू येतं, आणि ते म्हणणारी माणसं शिकलेली असतात.

1999 मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उभं राहिलं आणि मॉलचं युग आलं. मॉलबरोबर तळघरातलं पार्किंग आलं: उतारावरची वळणं, खांब, अर्धवट उजेड. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर उभी करावी’ अशी पाटीही जागोजागी लागली. त्या पाटीने आपण पिढीभर गप्प बसलो. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात 1998 साली पार्किंगसाठी कर्मचाऱ्याच्या हाती दिलेली मारुती झेन चोरीला गेली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल लागला: किल्ली ताब्यात घेतल्यावर गाडी सांभाळण्याची जबाबदारी हॉटेलची, आणि स्वतःच्या हलगर्जीपणातून पाटीच्या आधारे सुटता येत नाही. प्रकरण चोरीचं होतं, पण वॅलेने गाडी घासली तरी वाद घालायला हा आधार आहे. किल्ली देण्यापूर्वी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा आणि पावती जपून ठेवा.

मधल्या काळात, 2010 मध्ये, दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डरला विकता येत नाही, ती सामाईक आहे. मालकीचा प्रश्न सुटला, अपुऱ्या जागेचा मात्र तसाच राहिला. 1.4 मीटरच्या गाडीच्या जागी आज पावणेदोन ते 1.9 मीटर रुंदीच्या गाड्या उभ्या राहतात; स्कॉर्पिओ-एनसारखी गाडी अडीच मीटरच्या चौकटीत लावली की दार उघडायला दोन्हीकडे फूटभरच उरतो. बंपर आता प्लॅस्टिकचे, रंगवलेले, आत सेन्सर बसवलेले. जो धक्का पद्मिनीने अंगावर घेतला असता, त्यात आज हजारोंचं बिल होतं. शिवाय ‘झिरो डेप’ म्हणजे घसारा न कापणारं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतीत निम्मी घसारा-कपात करते, हे बहुतेकांना पहिला क्लेम करतानाच कळतं.

1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. चांगलं झालं. पण उंच बॉनेटच्या गाडीपुढे बसलेलं तीन वर्षांचं मूल चालकाला दिसत नाही, आणि मागचा सेन्सर पुढचं काही सांगत नाही. या चाळीस वर्षांत पार्किंगमधला धोका इथे सर्वांत जास्त वाढला आहे आणि आपण त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं आहे. पत्रा ठोकून सरळ होतो. स्टिल्टमध्ये लपाछपी खेळणारी मुलं आणि त्यांच्या मधून फोनवर बोलत निघणाऱ्या गाड्या पाहिल्या की मला धास्ती वाटते. ‘जरा रॅम्पवर हात बसव’ म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनीही एक लक्षात घ्यावं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

एवढं सगळं बदललं, तरी धक्का लागल्यावर आपण वागतो ते जुन्याच पद्धतीने: आरडाओरडा, नाहीतर ‘मिटवून टाका’, नाहीतर कोणी पाहिलं नाही ना म्हणत सटकणं. मोटार वाहन कायद्याची अपेक्षा वेगळी आहे. याच कायद्याचं 134 वं कलम फक्त जखमींपुरतं नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी चालकाने पोलिसांना 24 तासांच्या आत माहिती द्यायची असते, आणि विमा कंपनीलाही कळवायचं असतं. कोणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. आत काही दुखावलं आहे का हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे ‘लहान आहे, रडून गप्प होईल’ हे पालकांनीही म्हणू नये.

नुसता पत्राच चेपला असेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: दोन्ही नंबर प्लेट, चाकांची दिशा, जमिनीवरचा पट्टा, खांबाचा क्रमांक. गाडीचा मालक जागेवर नसेल तर वायपरखाली नाव, फ्लॅट आणि फोन नंबर लिहून चिठ्ठी ठेवा आणि वॉचमनच्या वहीत नोंद करा. ‘चूक माझी, सगळा खर्च देतो’ असं मात्र घाईने लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये अशी अट प्रत्येक मोटार पॉलिसीत असते. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी पत्र द्या. मॉलवाले चित्रण सहसा हाती देत नाहीत. तिथे पोलीस चौकीत जाऊन नोंद करावी लागते.

क्लेम करायचा की नाही, हा हिशेब गॅरेजवाल्याचा अंदाज हाती आल्यावर मांडावा. पाच वर्षं क्लेम न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि एका क्लेमने ती शून्यावर येते. दोन-तीन हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी ती घालवणं परवडत नाही. यात खरा अन्याय होतो तो उभ्या गाडीच्या मालकावर. चूक दुसऱ्याची आणि सूट जाते याची, कारण समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून पैसे मिळवायचे तर पोलीस आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या चकरा आल्या. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या हातून गाडी घासली त्याने किरकोळ दुरुस्तीचं बिल स्वतः भरावं. शेजाऱ्याच्या विम्यावर आपली चूक ढकलू नये.

गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत रंगकामाच्या आधी पार्किंग घ्या. रॅम्पच्या वळणावर फुगीर आरसा, स्टिल्टमध्ये पुरेसे दिवे, सीसीटीव्ही चित्रण किती दिवस ठेवायचं याचा ठराव, आणि मुलांना खेळायला गाड्यांपासून वेगळी केलेली जागा, भले त्यासाठी पाहुण्यांच्या दोन गाड्या बाहेर राहोत. हा ठराव तुम्हीच मांडा.