केंद्रावरचे वायफाय : नवीन डबा घेण्याआधी हे तपासा



धान खरेदीच्या दिवसांत केंद्रावर नेट अडकले की काटा होऊनही नोंद होत नाही, ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात. मग कुणीतरी म्हणतो, "अजून एक राउटर आणून लावा." पैसे जातात, अडचण तिथेच राहते. ज्या गटांचे ऑफिस, गोदाम, काटा आणि राइस मिल वेगवेगळ्या इमारतींत आहेत, त्यांनी हा मेसेज नीट वाचावा. खर्च आपल्या सर्वांच्या पैशातून होतो.

*१) आधी दोष कुठे आहे ते शोधा*
मोबाइलवर वायफायच्या रेषा फुल, तरी नेट चालत नाही? त्या रेषा फक्त फोन ते डबा एवढ्याच अंतराच्या आहेत. गावात येणाऱ्या लाइनचे त्या काही सांगत नाहीत. मुख्य राउटरजवळ उभे राहून स्पीड बघा. तिथेही हळू असेल तर दोष लाइनचा. दहा डबे लावून उपयोग नाही, नेट देणाऱ्याकडे तक्रार करा. राउटरजवळ चांगले आणि गोदामात बंद असेल, तरच तिथे ॲक्सेस पॉइंट लागतो.

*२) रिपीटर नको, वायरवरचा ॲक्सेस पॉइंट घ्या*
साधा रिपीटर हवेतून नेट घेतो आणि हवेतूनच पुढे देतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. ॲक्सेस पॉइंटला राउटरपासून वायर जाते. 'पीओई'चा घेतला तर त्याच वायरमधून वीजही मिळते. कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंत चालते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती घेऊ नका.

दुसऱ्या इमारतीत नेट न्यायचे तर फायबर टाका. आपल्याकडे विजा पडतात, आणि तांब्याच्या वायरमधून तो झटका दोन्हीकडची मशीन जाळू शकतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही; केबलमध्ये लोखंडी तार नाही ना, तेवढे विचारा.

अंतर जास्त असेल तर समोरासमोर अँटेना लावतात. मधे साग असेल तर सावध राहा. उन्हाळ्यात पाने झडलेली असताना जोडणी छान चालते, पावसाळ्यात पालवी भरली की तीच तुटू शकते.

*३) जागा*
टिनाच्या भिंतीतून वायफाय जात नाही. ओलसर धानाच्या पोत्यांची थप्पीही सिग्नल खाते. म्हणून डबा थप्पीच्या वर, काम चालते त्या बाजूला लावा. तापलेल्या टिनाला चिकटवू नका. वायर पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात.

*४) सेटिंग*
• सगळे डबे एकाच कंपनीचे, एकाच ॲपवरून चालणारे घ्या. ॲपला दरमहा पैसे लागतात का, विचारा.
• सगळीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा.
• २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या डब्यांना १, ६, ११ असे वेगळे चॅनल द्या. सारखे चॅनल असले की डबे एकमेकांना अडवतात.
• पॉवर फुल ठेवू नका. ठेवली तर फोन दूरच्याच डब्याला धरून बसतो.
• काटा आणि बिलाचे कॉम्प्युटर वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. सभासदांसाठी 'गेस्ट' नेटवर्क ठेवून प्रत्येक फोनला स्पीडची मर्यादा घाला. रांगेत कुणी व्हिडिओ बघितला तरी नोंद थांबणार नाही, आणि ई-केवायसी, सातबारा, यूपीआय ही कामेही होतील.

गावातल्या सगळ्यांना वायफाय द्यायचे असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेतून द्या. त्यात केंद्र चालवणाऱ्याला परवाना लागत नाही.

*५) सांभाळ*
• डब्याचा मूळ ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. नवा पासवर्ड दोन जबाबदार सभासदांकडे ठेवा. ऑपरेटर बदलला की तोही बदला.
• राउटर आणि पीओई स्विच एकाच इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे लाइट गेली तरी त्या स्विचवरून वीज घेणारे डबे चालू राहतील.
• महिन्यातून एकदा कोंड्याची धूळ पुसा, ॲपमधून अपडेट द्या.

*आता काय करायचे :* खरेदी सुरू होण्याआधी एक दिवस फोन हातात घेऊन केंद्रभर फिरा. कुठे नेट तुटते ते कागदावर मांडा, मगच दुकानात जा. बिल गटाच्या नावाने घ्या आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा.

हा मेसेज आपल्या गटाच्या ग्रुपवर पाठवा.
— आपली शेतकरी उत्पादक कंपनी